कांदेपोह्यांऐवजी किल्ला

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, सह्याद्री कसा होता? मी सांगते, ओला होता. लोक हसतात, पुढे विचारत नाहीत, माझीही सुटका होते. पण आमच्या आनंद नगरच्या मराठी बायका चिवट. त्यांतल्या निम्म्याजणींनी जन्मात सह्याद्री पाहिलेला नाही, मीही नव्हता पाहिला. भोपाळहून निघायचं ते नागपूरला उतरायचं, नागपूरहून निघायचं ते भोपाळला. महाराष्ट्र म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे ऊन आणि संत्री. तेव्हा त्यांच्यासाठी एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे दर हळदीकुंकवाला तेच तेच सांगायला नको.

गडाचं नाव मात्र लिहीत नाही. भोरच्या पलीकडे आहे, एवढं पुरे. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

गेलो होतो गार्गीच्या लग्नाच्या कामानं. गार्गी माझी एकुलती एक, पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनिअर. पुण्याच्या ओंकारचं स्थळ आलं आणि दोघं फोनवर बोलायला लागले. चारेक महिने हे चाललं होतं. ती फोन घेऊन गच्चीवर जायची, आणि खाली यायची तेव्हा चेहरा असा असायचा की दूध उतू गेलं तरी मी तिला हाक मारत नसे. आजवर स्थळं आली, गेली, पोरीनं कशात मन घातलं नव्हतं. या वेळी घातलं होतं. आईला हे सांगावं लागत नाही.

मग एक दिवस ओंकारच्या बाबांचा, श्रीकांतरावांचा, फोन आला. म्हणाले, "आमच्याकडे कांदेपोहे, मुलगी बघणं, असलं काही नसतं. आम्ही किल्ल्यावर जातो. दोन्ही घरची माणसं मिळून. डोंगरात माणूस कळतो."

मी हरखूनच गेले. माझ्या वेळी नागपूरला पोह्यांचा ट्रे घेऊन मी इतक्यांदा बाहेर गेले होते की आमच्या मोरीतली पालसुद्धा मला ओळखायला लागली असेल. मी ह्यांना म्हटलं, "बघा, काय सुधारलेली माणसं आहेत."

"ते सुधारलेत," हे म्हणाले. "तुझा गुडघा सुधारलाय का?"

ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे हे येणार नव्हते. बाहेर न जाणाऱ्या माणसाला सल्ले फार सुचतात, असं म्हणून मी तयारीला लागले.

तयारीत मुख्य प्रश्न बुटांचा. आमच्या भागात जिचा नवरा कारखान्यात होता तिच्या घरी माळ्यावर सेफ्टी बुटांचा एक तरी कोरा जोड असतोच. पुढे लोखंडी टोपी, जाड तळ, वर्षानुवर्षं पिशवीत गुंडाळून ठेवलेला. कुणी वापरत नाही, कुणी टाकतही नाही. ह्यांचा पाय लहान, माझा मोठा. लग्नात यावरून सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, पण आता तो जोड मला मापात बसला. लोखंडावर चालायचे बूट, त्यांना दगडाचं काय? चांगल्या वस्तूला पैसे मोजून पर्याय कशाला आणायचा, हा आमचा सगळ्यांचाच शहाणपणा. गार्गी म्हणाली, "आई, प्लीज, नये ले लो ना." मी ऐकलं नाही.

पुणे

पुण्याच्या घरात भिंतभर किल्ल्यांचे फोटो. प्रत्येक फोटोत तेच तिघं, मागे तोच ढग. ओंकारची आई, मेधाताई, माझ्याच वयाच्या, पण पाठ अशी ताठ की मी आपोआप पदर सावरून बसले. सकाळी पोहे आले. त्यावर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मी पिशवीतून शेवेचं पाकीट काढलं.

"अय्या, पोह्यांवर शेव?" मेधाताई म्हणाल्या.

"आमच्याकडे बरोबर जिलेबीही असते," गार्गी म्हणाली. ओंकार हसला आणि त्यानं आपली बशी पुढे केली. मूठभर शेव घेतली त्यानं. मुलगा वाईट नव्हता, हे लिहायलाच हवं. वाईट असता तर हे सगळं किती सोपं झालं असतं.

श्रीकांतराव म्हणाले, "वहिनी, तुमचं मराठी ऐकायला गंमत वाटते हो. जरा हिंदी वळण आहे, पण बाहेर राहून टिकवलंत, कौतुक आहे."

मराठी म्हणजे काय लोणचं होतं, बरणीत टिकवायला? पण मुलीची आई. मी हसले.

मग मेधाताईंनी आमच्या पिशव्या तपासल्या. खरंच तपासल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बेसनाचे लाडू बाहेर काढले, म्हणाल्या, "डोंगरावर तळकट नको, धाप लागते," आणि त्यांच्या जागी खजूर-बदाम घातले. लाडू त्यांनी फ्रीजमध्ये ठेवले. तूप घालून केलेले लाडू फ्रीजमध्ये म्हणजे दगडच. ते लाडू पुढे कुणी खाल्ले की नाही, देव जाणे.

खोऱ्यात

आता चांगलं तेही सांगते, नाहीतर म्हणाल हिला काही दिसलंच नाही.

भोर सोडल्यावर रस्ता डोंगरात शिरला आणि मी बोलायचीच थांबले. आमच्याकडे पावसाळा नसतो असं नाही. बडा तालाब भरतो, भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात, सारं शहर भुट्टे खात पाणी बघायला जातं. पण आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथं तो राहायलाच आलेला असतो. डोंगराच्या अंगावर जिकडेतिकडे पांढऱ्या धारा, खाली भाताची खाचरं, त्यात ओणव्या बायका, पाठीवर निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद. पाणी, चिखल आणि रोपं, यातलं कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं. एक बाई उभी राहून कमर धरून आमच्या गाडीकडे बघत होती. मी हात केला. तिनं नाही केला, ती परत वाकली.

पायथ्याच्या वाडीत सखूबाईंकडे मुक्काम. त्या ट्रेकवाल्यांना जेवण-झोपण देतात. मागल्या पडवीत धूर, पुढल्या पडवीत आम्ही, मध्ये म्हैस. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा. नागपूरच्या तर्रीवर वाढलेली मी, खर्डा चाटूनपुसून खाल्ला. मेधाताईंनी त्याला बोट लावलं नाही. तेवढाच माझा त्या दोन दिवसांतला विजय.

सखूबाईंनी गार्गीच्या ताटात न विचारता आणखी भाकरी टाकली. "कुठल्या गावची गं?"

"भोपाळ."

"लांबून आलीस पोरी," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

गडावर

सकाळी पावसात निघालो. मला वाटलं होतं गड म्हणजे एकांत. रायसेनच्या किल्ल्यावर आम्ही डबा घेऊन जायचो तेव्हा चार शाळकरी पोरं आणि दोन बकऱ्या, यापलीकडे कुणी नसे. इथं पायथ्याला गाड्यांची रांग, पोरांच्या खांद्यावर गाणी वाजवणारे डबे, आणि एकाच पायवाटेवर सगळी वरात. चिखलात पाय घातला की तो आपला राहत नव्हता.

मेधाताईंनी माझ्या पायांकडे बघितलं. "ताई, हे कारखान्यातले बूट का?"

"हो. मजबूत आहेत."

"तुम्ही इथंच थांबलात तरी चालेल बरं का. सखूबाई चहा करून देतील. आम्ही मुलांना घेऊन जाऊन येतो."

आवाजात काळजी होती की सुटका, मला कळलं नाही. मला ते झोंबलं, एवढं खरं. आदल्या दिवसापासून माझं मराठी, माझी शेव, माझे लाडू, सगळं एकेक करून बाजूला ठेवून झालं होतं. आता मलाच उचलून पडवीत ठेवणार होते. आणि भोपाळची म्हणून माझी पोरगी आधीच एक पायरी खाली, तिची आई पायथ्याला बसून राहिली तर तिच्याबद्दल काय बोलतील, हेही डोक्यात होतं. मी म्हटलं, "छे, मी येते की."

पहिला टप्पा जमला. गार्गी पुढे होती. आमची पोर पाण्याच्या टाक्यांच्या उभ्या लोखंडी शिड्यांवर चढून तपासणी करते, तिला या डोंगराचं काय? ओंकारला धाप लागत होती आणि ती वरून हात देऊन त्याला ओढत होती. दोघं हसत होते. ते हसणं खालपर्यंत ऐकू यायचं. मी मनात म्हटलं, झालं, जमलं.

श्रीकांतराव माझ्या सोबतीला मागे राहिले होते. दमलेल्या माणसाशी बोलत राहावं म्हणजे त्याला दम कळत नाही, असं त्यांचं मत. म्हणाले, "म्हणूनच आम्ही मुलगी आधी इथं आणतो. घरात चहा देताना सगळ्याच गोड असतात. गेल्या पावसाळ्यात नाशिकची एक आली होती, पहिल्या दरवाजातच बसली. मग ठाण्याची. ती वर गेली, पण कुरकुर फार. तुमची गार्गी छान चढते."

मी थांबले. पावसाचं पाणी मानेतून आत जात होतं. "म्हणजे परीक्षाच की."

"छे छे, परीक्षा कसली. आपोआप कळतं माणूस."

आता मला सखूबाईंचं ते बघणं कळलं. ही तिसरी पोर होती त्यांच्या पडवीत जेवलेली. आणि मी मूर्खासारखी 'सुधारलेली माणसं' म्हणून गावभर सांगत सुटले होते. नागपूरच्या त्या पाहुण्यांनी मला निदान पंख्याखाली खुर्चीत बसवून नापास केलं होतं. यांनी त्यासाठी माणसाला चिखलातून डोंगर चढायला लावला, आणि वर म्हणायचं, आम्ही मुलगी बघत नाही.

परत फिरावं असं वाटलं. गार्गीला हाक मारून खाली न्यावं. पण वर ती हसत होती. मी पाय उचलला.

पहिल्या दरवाजापुढे डाव्या बुटाचा तळ सुटला. इतकी वर्षं माळ्यावर पडून डिंक मेला होता, तो भिजल्यावर उघडाच पडला. पाऊल टाकलं की तळ मागे राहायचा आणि चपकन येऊन आदळायचा. ओंकारनं खाली बसून आपल्या बॅगेची दोरी काढून तो बांधून दिला, चिखलात हात घालून, तोंड वाकडं न करता. "काकू, आता टिकेल," म्हणाला. दुसऱ्या दरवाजापर्यंत टिकला. तिथल्या पायऱ्या शेवाळानं हिरव्या झालेल्या. दोरी तुटली, तळ दुमडला, मी आडवी झाले आणि गुडघ्यात काहीतरी फिरलं. ओरडले असेन. चारी बाजूंची पोरं थांबून बघायला लागली.

दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांसाठी कोनाडे असतात, त्यांना देवडी म्हणतात. मला उचलून तिथं बसवलं. श्रीकांतराव घड्याळ बघत म्हणाले, "बालेकिल्ला इथून फार लांब नाही. वहिनींना इथं कोरड्यात बसू दे. आपण पटकन जाऊन येऊ, मग सगळे मिळून उतरू."

"जा, जा," मी म्हटलं. "मी मजेत आहे." गार्गी जागची हलेना. तिनंही ती नाशिक-ठाण्याची कथा ऐकली होती, ओंकारनंच तिला हसत सांगितली होती, हे मला नंतर कळलं. मी तिला डोळ्यांनी दटावलं. म्हटलं, "अगं जा. एवढी आलीस ती काय माझं तोंड बघायला?" ती गेली.

मी देवडीत बसले. समोर पोरं कुरकुरीत काहीबाही खात होती आणि पाकिटं तिथंच टाकत होती. धुकं इतकं की दरवाजाच्या पलीकडे गड आहे हेही खोटं वाटावं. गुडघा भाकरीसारखा फुगत चालला होता. पण मी मनात त्यांच्याबरोबर चढत होते. आता कड्याशी पोचले असतील. आता वर. आता झालं.

आणि धुक्यातून गार्गी आली, एकटी.

"का आलीस?"

"तू रडत होतीस. मी वळून बघितलं."

"पावसाचं पाणी होतं ते. जा परत."

"नाही जात."

"गार्गी, त्यांना चालायचं नाही हे."

"माहितीये," ती म्हणाली. "चल, हात दे."

"ओंकार?"

"तो म्हणाला, तू जा, मी वरचे फोटो आणतो."

आम्ही उतरलो. उतरलो कसल्या, मी बसून घसरत आले आणि ती पुढे उभी राहून माझे पाय एकेका पायरीवर ठेवत राहिली. मध्येच ढग फाटले आणि सगळं खोरं एकदम उघडं झालं. नदीचं तांबडं वळण, हिरव्या चौकटी, लांबच्या कड्यावरून पडणारं आणि खाली पोचण्याआधीच वाऱ्यानं वर उडणारं पाणी. इतकं सुंदर मी कधी काही पाहिलं नाही, आणि मला त्याचा संताप आला. मी म्हटलं, "बघ तरी." तिनं बघितलं नाही. ती मान वर करून गडाकडे बघत होती.

सखूबाईंनी गरम मिठाच्या पुरचुंडीनं गुडघा शेकला, तेल चोळलं. तासाभरानं बाकीचे आले, ओले, लाल, आनंदी. "मुख्य गोष्टच राहिली तुमची," श्रीकांतराव म्हणाले. ओंकारनं गार्गीला फोटो दाखवले. मेधाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आईची फार काळजी आहे तुला. छान आहे." छान आहे, असं माणूस दुकानात न घ्यायच्या साडीबद्दल म्हणतं. गाडीत येताना ओंकार मागे गार्गीशेजारी बसला होता, परतताना तो पुढे बसला. मला वाटतं त्याच्या लक्षातही आलं नसेल. गार्गीच्या आलं.

भोपाळ

फोन आठवड्याभरानं आला. ह्यांच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, फोन नीट दिसेना, म्हणून ह्यांनी स्पीकर लावला, आणि आम्ही तिघांनी ऐकलं.

"मुलगी गुणी आहे, प्रश्नच नाही," श्रीकांतराव म्हणत होते. "पण आमच्या घरात अर्ध्यावरून परतणं बसत नाही. शिवाय आईकडे ओढा फार दिसला. एकुलती एक, उद्या तुमची वयं वाढणार, ती सारखी तिकडे धावणार. ओंकारचंही शेवटी तेच मत पडलं. राग मानू नका."

"नाही नाही, राग कसला," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

मी गप्प बसणारी नव्हे. आठवडाभर आत दाबलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, पीडा टळली. आईला दगडात टाकून फोटो काढायला जाणारी माणसं, त्यांच्या घरी जाऊन काय दिवे लागले असते? पोरींना बकऱ्यांसारखं डोंगरावर हाकतात आणि मोठेपणा मिरवतात. सुटलीस बाई तू, देवापुढे साखर ठेव. मला वाटलं, गार्गी मान हलवेल. निदान हसेल.

ती ओट्यापाशी चहा गाळत होती. गाळून झाल्यावर तिनं गाळणं नळाखाली धुतलं, उपडं ठेवलं.

"पीडा नव्हती, आई," ती म्हणाली. "मला आवडायचा तो."

"अगं, पण तो—"

"मला माहितीये तो कसा आहे. तरी आवडायचा. मला वर जायचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मेधाकाकू तुला म्हणाल्या होत्या ना, खाली थांबा म्हणून. का नाही थांबलीस?"

"तुझ्यासाठीच चढले ना गं मी."

"आणि मी तुझ्यासाठी उतरले," ती म्हणाली. "आता मी कुणावर चिडू, ते सांग."

हे काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होते. मी सांगणार होते, त्यांच्यावर चीड, श्रीकांतरावांवर, ओंकारवर. पण तिनं त्यांच्याबद्दल विचारलंच नव्हतं. तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला, दुखऱ्या पायाखाली उशी सरकवली, आणि कामावर निघून गेली.